पोट भरलेली माणसं

गोंदियात रीता रहांगडाले हे नाव दोन प्रकारच्या लोकांना माहीत होतं. ज्यांची पोरं ज्युनिअर कॉलेजात तिच्या हाताखाली फिजिक्समध्ये काठावर पास झाली होती ते, आणि ज्यांचं खाण्याचं दुकान होतं ते. दर रविवारी एका स्थानिक दैनिकाच्या पुरवणीत तिचं 'थाळीभर' हे सदर येई. जिल्ह्यातल्या टपऱ्या, ढाबे, भोजनालयं, बाजाराच्या दिवशी लागणारी भजीची पालं, सात वर्षांत तिने काही सोडलं नव्हतं. तिच्या लिखाणात 'अप्रतिम' हा शब्द कधी आला नाही. भात किती वेळापूर्वीचा, तर्रीवर तेल किती, मीठ कुठे चुकलं, हे ती प्रयोगवहीत नोंद करावी तसं लिहायची. एका रविवारी तीन ठिकाणं करायची असत, त्यामुळे पूर्ण थाळी ती कुठेच संपवत नसे. प्रत्येक पदार्थाचे दोन-तीन घास घ्यायचे, वही काढायची आणि उठायचं. दुकानदारांना त्याचा राग यायचा. मग त्यांनाही सवय झाली.

खाण्याचा नाद तिला बाबूजींकडून आला. दुधराम रहांगडाले रेल्वेत टीसी होते. निवृत्तीला चौदा वर्षं झाली, बायको जाऊन सहा, तरी त्यांच्या डोक्यातली रेल्वे अजून चालू होती, आणि ती खाण्यावर चालायची. आमगाव म्हटलं की मूगवडे. सालेकसा म्हटलं की सीताफळं, तीही टोपलीतली खालची. तिरोड्याला आलूबोंडा फलाटाच्या शेवटच्या टोकाला घ्यायचा, पहिल्या टोकाचा नाही. अर्जुनीला एक बाई भाजलेले झिंगे पळसाच्या पानात द्यायची, तिच्यासाठी गार्डाने एकदा गाडी दीड मिनिट रोखून धरली होती, अशी त्यांची एक गोष्ट होती. रीताने ती शंभरदा ऐकली होती. संध्याकाळी ती वह्या तपासत बसली की ते समोरच्या खुर्चीवर बसून एखादं स्टेशन काढत, आणि जेवायच्या वेळेपर्यंत दोघांनाही कडकडून भूक लागलेली असे.

डिसेंबरात, धानाच्या मळण्या उरकत आल्या होत्या तेव्हा, रीता सौंदडला गेली. कॉलेजातल्या एकाने ओझरतं सांगितलं होतं की स्टेशन रस्त्यावर एक बाई बरं जेवण देते. फाटक ओलांडल्यावर डाव्या हाताला टिनाचं छप्पर, शेणाने सारवलेली पडवी, निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. पाटी नव्हती. सत्यभामाबाई चुलीपाशी होती आणि तिचा नवरा दसरू वाढत होता. पंधरा-सोळा माणसं जेवत होती.

थाळीत चिन्नोर तांदळाचा भात, लाखोरीचं वरण, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी. इतकंच. रीताने पहिला घास घेतला आणि सवयीने चूक शोधायला लागली. दुसरा घेतला. तिसरा घेतला. मग वही काढून तिने लिहिलं: 'मीठ बरोबर. तिखट बरोबर. काही कमी नाही, काही जास्त नाही.' सात वर्षांत असं वाक्य तिने लिहिलं नव्हतं. चौथ्या घासाला हात जात होता, पण पुढे कोहमाऱ्याचा एक ढाबा करायचा होता. ती उठली.

वहीत तिने आणखी एक नोंद केली, कारण तिला बारीकसारीक टिपायची खोड होती. 'प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, हात कुठे धुवायचा.' खेड्यातल्या खानावळीत निम्मे लोक रोजचे असतात, त्यांना मागचा हौद माहीत असतो. इथे जो उठे तो हात वर धरून उभा राही आणि दसरूला विचारी. दसरू मागे बोट दाखवी. तिला गंमत वाटली. लेखात तिने ते घातलं नाही.

लेख छापून आला आणि गाजला. रीता रहांगडालेला चूक सापडली नाही, हीच बातमी झाली. नातेवाइकांच्या ग्रुपवर, कॉलेजच्या ग्रुपवर, निवृत्त रेल्वेवाल्यांच्या ग्रुपवर तो फिरला. लोक सहलीला जावं तसे सौंदडला जाऊ लागले.

"सारा गोंदिया जाऊन राहिला," बाबूजी म्हणाले, "आन् ज्याच्या पोरीनं लिहिलं तो बाप घरी खिचडी खाऊन राहिला. असं कसं?"

"शनिवारी जाऊ, बाबूजी."

बल्लारशाच्या पॅसेंजरने ते गेले. हिरडामाली, गोंगले, प्रत्येक स्टेशनावर बाबूजींनी खिडकीतून डोकं काढून काहीतरी सांगितलं. सत्यभामाबाईने रीताला ओळखलं. पेपरचं कात्रण तिने चुलीमागच्या भिंतीला भाताच्या खळीने चिकटवलं होतं. तिने दोघांना स्वतः वाढलं. रीता त्या दिवशी फोटो काढत होती, तिने नेहमीसारखे दोन घास घेतले. बाबूजी मात्र मान खाली घालून जेवले. ते जेवताना नेहमी बोलत. त्या दिवशी बोलले नाहीत. शेवटचं शीत बोटाने टिपून घेतलं, ताटाकडे थोडा वेळ पाहत राहिले, आणि हात वर धरून उभे राहिले.

"हात कुठं धुवाचा?"

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. चेहरा शांत होता.

"कसं होतं?" तिने विचारलं.

"पोट भरलं," ते म्हणाले. गोंगले आलं आणि गेलं. ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहा घेतला, पोहे तसेच ठेवले. दुपारी म्हणाले, कालचंच जड झालं असेल. रीताने ओवा दिला. तिसऱ्या दिवशी तिने तांदळाच्या पिठाचं धिरडं केलं, जे ते कधी नाकारत नसत. त्यांनी अर्धं खाल्लं, तिला बरं वाटावं म्हणून. आठव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आठ दिवसांत त्यांनी एकदाही 'आज काय आहे' असं विचारलं नव्हतं.

डॉक्टर गोंदियातले जुने, ओळखीचे. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून जठर पाहिलं. सगळं स्वच्छ. कुठे गाठ नाही, सूज नाही, साखर ठीक. डॉक्टरांनी कागद पुन्हा पुन्हा चाळले.

"वजन साडेतीन किलो कमी झालंय. दुखतं काही, काका?"

"नाई."

"मळमळ?"

"काही नाई. भूक नाई लागत, बस. बाकी चांगलं वाटून राहिलं."

त्यांना बाहेर बसवून डॉक्टर रीताला म्हणाले, "मॅडम, एक सांगू? या महिन्यात असे चौदा पेशंट आले. सगळ्यांचे रिपोर्ट नॉर्मल. सगळे म्हणतात, चांगलं वाटतंय." त्यांनी कागद मिटले. "घरी आमची मिसेसही तसंच म्हणते. म्हटलं, डाएट करत असेल."

"तुम्ही सौंदडला गेला होता का?"

"हो, तुमचं वाचूनच गेलो. मी नव्हतो जेवलो, मला उपास होता." ते हसले, आणि मग हसायचे थांबले.

रीता विज्ञान शिकवत होती. तिने पाण्याचा विचार केला, लाखोरीच्या डाळीचा केला, धानावर मारल्या जाणाऱ्या औषधाचा केला. सौंदडहून मागवलेला तांदूळ आणि पाणी तिने नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवलं. अहवाल दोन पानी आला. तांदूळ होता आणि पाणी होतं.

त्या दिवसांत ती रोज रांधायची. कॉलेजमधून आली की पदर खोचून उभी राही. मूगवडे, पातोडीचा रस्सा, गावच्या बोडीतले, लहान तळ्यातले ताजे मासे, दुधातली शेवई. बाबूजी पाटावर येऊन बसत, कारण तिने बोलावलं होतं. औषध घ्यावं तसे दोन घास घेत. पुढे पुढे घास तोंडात ठेवून नुसते बसत. आता याचं पुढे काय करायचं ते कोणी सांगेल, अशा नजरेने तिच्याकडे पाहत.

"गिळा, बाबूजी."

ते गिळत. मग पुन्हा तिच्याकडे पाहत.

एका संध्याकाळी तिने वह्या बाजूला सारल्या आणि समोर खुर्ची ओढली.

"आमगावला आपण काय खायचो, बाबूजी?"

त्यांनी विचार केला. "आमगाव," ते म्हणाले. "आमगावला गाडी दोन मिनिटं थांबते."

"आणि खायचो काय?"

"दोन मिनिटं थांबते. मग सालेकसा."

"सालेकसाला?"

"सालेकसाला चढ आहे."

"अर्जुनीची ती बाई आठवते? गार्डाने गाडी रोखली होती."

"रोखली होती," त्यांनी मान हलवली. "काऊन रोखली होती, ते नाई आठवत."

रीता स्वयंपाकघरात गेली. तिथे ती ओट्यावरची भांडी आवरू लागली. बाहेर बाबूजी स्टेशनांची नावं म्हणत होते, एकामागून एक, बरोबर क्रमाने. त्यांत आता फक्त मिनिटं उरली होती.

जानेवारीच्या शेवटी ती एकटी सौंदडला गेली. फाटकापासूनच गाड्या उभ्या होत्या. पडवीच्या बाहेर मांडव घातला होता. दीडशे तरी माणसं होती, आणि आवाज जवळजवळ नव्हता. जेवून झालेला माणूस ताटाकडे थोडा वेळ पाही, मग हात वर धरून उभा राही. "हात कुठं धुवायचा?" रीताने तासभर उभं राहून मोजलं. विचारलं नाही असा एकही माणूस उठला नाही.

गर्दी ओसरल्यावर सत्यभामाबाईने तिला चुलीपाशी बसवलं. रीताने विचारायचं ते विचारलं.

"मी काय टाकीन, बाई?" सत्यभामाबाईने वरणाचा गंज, ते चुलीवरचं मोठं पातेलं, तिच्यापुढे तिरकं केलं. "तुमच्यासमोर रांधून राहिली. तेल, मीठ, हळद. विहिरीचं पाणी. माझी सासू अशीच रांधत होती."

"तुम्ही हेच खाता?"

"मग काय खाऊ? आम्ही दोघंही हेच खातो." तिने दसरूसाठी आणि स्वतःसाठी ताट वाढलं, भाताचा डोंगर केला, मध्ये खळगा करून वरण ओतलं आणि जेवायला लागली. भुकेल्या माणसाचं जेवण होतं ते, बोटं चाटत, मिरची चावत, मध्येच पाणी पीत. दसरूने दुसऱ्यांदा भात घेतला. रीता पाहत राहिली.

"मले एक सांगा, बाई," सत्यभामाबाई जेवता जेवता थांबली. "तुम्ही शिकलेल्या आहा, तुम्हाले कळते. माझ्या जेवणात कायची कमी आहे?"

"कमी?"

"बारा साल झाले हे चालवून राहिली. एकडाव आलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाई. गावातले दोन-चार सुरुवातीले आले, मग एकही नाई. सामने भेटले त राम राम करत, चांगले बोलत, पण जेवाले नाई आले. मले वाटे माझ्या हातालेच चव नाई. लगित रडली मी." तिने डाव्या हाताने भिंतीवरचं कात्रण दाखवलं. "तुम्ही लिहिलं तवा पहिल्यांदा वाटलं, आपण काही वाईट नाई रांधत. परत आलेल्या तुम्ही एकल्याच. तिसऱ्यांदा आल्या."

रीताने त्या कात्रणाकडे पाहिलं. समोरची बाई खरंच उत्तराची वाट पाहत होती.

"कशाचीच कमी नाही," ती शेवटी म्हणाली.

"मग काऊन नाई येत?"

बाहेर पडताना मांडवाच्या तोंडाशी एक कुटुंब चपला काढत होतं. नवरा-बायको, दोन मुली. रीताने त्यांना अडवलं. इथे जेवू नका, म्हणाली. का, असं बाईने विचारलं. रीताने सांगायचा प्रयत्न केला. शब्द तोंडातून निघाले तसे ते तिला स्वतःलाच वेडगळ वाटले. नवरा तिच्याकडे निरखून पाहत होता. "अरे, आप तो वही मॅडम हैं ना, थालीभर वाली?" तो म्हणाला आणि मुलींना तिच्या शेजारी उभं करून त्याने फोटो काढला. मग ते आत गेले. धाकटीने आत जाता जाता मागे वळून तिला टाटा केला.

त्या रात्री तिने नवा लेख लिहिला आणि सकाळी पुरवणीचं काम पाहणाऱ्या स्वप्निलकडे घेऊन गेली. त्याने तो दोनदा वाचला.

"मॅडम, हे छापू कसं? कोणाला उलट्या झाल्या? जुलाब? लॅब रिपोर्ट?"

"रिपोर्ट स्वच्छ आहे."

"मग त्या बाईंच्या पोटावर पाय का देता?" तो चिडला नव्हता, अगदी समजुतीने बोलत होता. "मी स्वतः गेलो होतो तिथे, मागच्या महिन्यात. मस्त होतं. तेव्हापासून डबासुद्धा आणत नाही. कामाला वेळ मिळतो."

त्याच्या शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. रीताने ते आल्याबरोबर पाहायला हवं होतं.

फेब्रुवारीत बाबूजींना नाकातून नळी घातली. नागपूरहून भाऊ आला, कैलाश, बायको-मुलांसह, गाडीने. तो धावत जिना चढून आला आणि बाबूजींचा हात धरून रडला. थोड्या वेळाने रीता त्याला म्हणाली, दमून आलास, वरण-भात टाकते सगळ्यांना.

"नको," कैलाश डोळे पुसत म्हणाला. "साकोलीवरूनच आलो ना. येताना तुझ्या त्या सौंदडच्या बाईकडे थांबलो. पोरं सकाळपासून उपाशी होती."

रीताने मुलांकडे पाहिलं. दोघं सोफ्यावर शेजारी शेजारी बसली होती, हात मांडीवर ठेवून, अगदी शहाण्यासारखी.

बाबूजी अकरा दिवसांनी गेले. कसलाही त्रास झाला नाही. शेवटच्या सकाळी त्यांनी रीताला जवळ बोलावलं, तिला वाटलं काही सांगतील. ते तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. ती घाईघाईत पोळीचा तुकडा चावत होती.

"काय करून राहिली तू?" त्यांनी विचारलं.

"खाते आहे, बाबूजी."

"हं," ते म्हणाले. त्यांना काही कळलं नव्हतं.

तेरवी घरासमोरच्या मैदानात झाली. मार्चचं ऊन होतं, मांडव सकाळीच तापला होता. आचारी तिरोड्याचे होते, मोठी भट्टी पेटवून पहाटेपासून राबत होते. सुवारी म्हणजे पुऱ्या, आलू-वांग्याची भाजी, वरण, भात, बुंदी. फोडणीचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता. रीताने दोन दिवस धड काही खाल्लं नव्हतं, त्या वासाने तिच्या पोटात कळ आली, आणि बाप गेल्यावरही आपल्याला अशी भूक लागते याची तिला लाज वाटली.

पहिली पंगत बसली. नात्यातले, कॉलेजातले, बाबूजींचे रेल्वेतले जुने सोबती. सव्वाशे पानं असतील. डॉक्टरांची मिसेस होती, स्वप्निल होता, कैलाश आणि त्याचं कुटुंब होतं. कोणी नाही म्हटलं नव्हतं, तेरवीचं जेवण नाकारत नसतात. सगळे मांडी घालून ओळीत बसले. कपडे सगळ्यांचेच ढगळ झाले होते. वाढपी बादल्या घेऊन फिरले. पत्रावळी भरल्या. कोणीतरी रीतालाही मध्ये जागा करून बसवलं.

तिने आचमन केलं आणि पहिला घास घेतला. भाजी तिखट होती, मीठ थोडं जास्त होतं. तिने दुसरा घास घेतला. मग तिला जाणवलं की मांडवात दुसरा कसलाच आवाज नाही.

तिने मान वर केली.

एकाचाही हात पानाकडे गेला नव्हता. भातावरची वाफ विरत चालली होती. वरण सांडून पत्रावळीच्या कडेला लागलं होतं, ते कोणी आवरलं नव्हतं. माणसं हात मांडीवर ठेवून बसली होती, लहान मुलंसुद्धा. कोणाच्या चेहऱ्यावर नाराजी नव्हती, कंटाळा नव्हता. सगळे तिच्याकडे पाहत होते.

काय हवं आहे, असं विचारावं म्हणून तिने तोंड उघडलं. आणि तिला समजलं.

पंगतीत शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी उठत नाही. ती सव्वाशे माणसं, शांतपणे, मायेने, तिचं आटोपायची वाट पाहत होती.

तिने पुढचा घास उचलला. तो तिने फार सावकाश चावला.